सैल तारा, जाड तारा: स्लाइड गिटारच्या जुळणीचा इतिहास

गिटारच्या तारा बोटांनी पडद्यांवर न दाबता त्यांच्यावरून पोलादाची कांडी, काचेची नळी, चाकू किंवा हाड सरकवून स्वर काढणे म्हणजे स्लाइड वादन. कांडी सरळ असते आणि ज्या तारांना ती टेकते त्या सगळ्यांना एकाच रेषेत टेकते. एका तारेवर दुसरा पडदा आणि शेजारच्या तारेवर तिसरा, असे बोटांना सहज जमणारे काम तिला जमत नाही. म्हणून तारा मोकळ्या छेडल्या तरी त्यांतून पूर्ण कॉर्ड निघेल अशा रीतीने त्या आधीच लावून ठेवाव्या लागतात. या लावण्याला ओपन ट्यूनिंग म्हणतात. एकदा तारा अशा लागल्या की पाचव्या पडद्यावर आडवी धरलेली कांडी एक कॉर्ड देते, सातव्यावर दुसरी, आणि मधल्या सगळ्या श्रुती वाटेत मिळतात.

स्लाइड गिटारचा इतिहास बहुधा वादकांच्या आख्यायिकांमधून सांगितला जातो. त्यात तारांच्या जाडीचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक तार कोणत्या स्वराला लावायची आणि ती किती जाड घ्यायची, हा एकच निर्णय आहे. तार उतरवली की ती सैल पडते आणि सैल तारेवर कांडी नीट टेकत नाही. चढवली की ताण वाढतो, मग तार तुटते किंवा गिटारची मान वाकते. हवाई बेटांपासून मिसिसिपीपर्यंत आणि पुढे कोलकाता-मुंबईपर्यंत वादकांनी व कारागिरांनी या एकाच अडचणीतून वेगवेगळ्या वाटा काढल्या.

नेहमीच्या पद्धतीत गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लागतात. यांतल्या दोन जाड तारा आणि सर्वांत बारीक तार एकेक पूर्ण स्वर उतरवली की डी, जी, डी, जी, बी, डी ही जुळणी मिळते. हे ओपन जी. जी हा षड्ज मानला तर तारा प, सा, प, सा, ग, प अशा वाजतात. दुसरी मुख्य जुळणी ओपन डी हिच्यात डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असा क्रम येतो, म्हणजे सा, प, सा, ग, प, सा. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला ही रचना परकी वाटणार नाही. फक्त षड्ज-पंचमाच्या जोडीला शुद्ध गंधारही कायमचा येऊन बसला आहे. दोन्ही जुळण्यांचा स्वभाव मात्र निराळा आहे. ओपन डीमध्ये सर्वांत खालची आणि सर्वांत वरची अशा दोन्ही तारा षड्जाच्या, त्यामुळे खर्जात भक्कम आधार मिळतो आणि वरच्या तारेवर गाण्याची चाल षड्जाभोवती फिरवता येते. ओपन जीमध्ये दोन्ही टोकांना पंचम असल्याने तिचा आवाज अधिक उघडा आणि ठेक्याला सोयीचा.

या जुळण्यांचा एक उगम हवाई बेटांवर आहे. ब्रिटिश नाविक जॉर्ज व्हँकुव्हर याने 1793 मध्ये तेथील राजाला गुरे भेट दिली. पुढे ती रानोमाळ वाढली आणि त्यांना आवरण्यासाठी 1830च्या दशकात मेक्सिकोकडचे गुराखी बोलावण्यात आले. त्यांच्याबरोबर गिटार आली. स्थानिक लोकांनी वाद्य उचलले, पण तारा आपल्या गळ्याला आणि गाण्याला जुळतील अशा लावल्या. काही तारा उतरवून मोकळ्या कॉर्डवर वाजवण्याच्या या पद्धतीला तिथे ‘की होआलू’ म्हणतात. इंग्रजी नाव ‘स्लॅक की’. घराघरांत वेगवेगळ्या जुळण्या होत्या आणि काही कुटुंबे त्या बाहेरच्यांना कळू देत नसत. सर्वांत जास्त पसरलेली ‘टारो पॅच’ नावाची जुळणी म्हणजे वर सांगितलेले ओपन जीच. स्लाइडसाठी लागणारी जमीन अशी स्लाइड येण्याच्या आधीच तयार झाली होती.

कांडी तारांवर ठेवण्याचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू याला दिले जाते. त्याचा जन्म 1874 मध्ये ओआहू बेटावरील लाइए गावी झाला. 1880च्या दशकात, शाळकरी वयात, त्याने आधी हाताला लागलेल्या लोखंडी वस्तूंनी आणि नंतर खास घडवलेल्या पोलादी कांडीने वाजवायला सुरुवात केली, असे सांगतात. याच श्रेयाचा एक दावेदार गेब्रियल डेव्हियन. हा भारतात जन्मलेला तरुण एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेला आणि तो होनोलुलूला पोहोचला, अशी हकिकत आहे; 1884च्या सुमारास त्याला असे वाजवताना पाहिल्याची आठवण हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग यांनी नोंदवली. तारेवर कांडी सरकवण्याची कल्पना भारतात जुनी आहे. उत्तरेत विचित्र वीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम अशाच वाजतात, आणि गोट्टुवाद्यमला मैफलीत मान मिळवून देणारे सखाराम राव कावेरीकाठच्या तिरुविडैमरुदूरचे होते. तरीही डेव्हियनने ती कल्पना भारतातून नेली, हे या हकिकतीवरून सिद्ध होत नाही. केकुकूचे काम अधिक ठोस आहे: त्याने तंत्र बसवले, शिकवले, 1904 मध्ये बेट सोडून ते अमेरिकेत आणि पुढे युरोपात नेले.

त्याच्या काळात वाद्यातही बदल झाला. तोवर गिटारला आतड्याची तात लावण्याची रीत होती. तात मऊ, पोलादाची कांडी तिच्यावर घासली की आवाज दबतो आणि लवकर विरतो. पोलादी तारेचा स्वर मात्र कांडीखाली लांबवर टिकतो आणि स्लाइडचा जीव या टिकण्यातच आहे. तारा पडद्यांना लागू नयेत म्हणून मानेच्या टोकाच्या टेकूवर, म्हणजे मेरूवर, धातूची पट्टी बसवून त्या उंच केल्या आणि वाद्य मांडीवर आडवे घेतले. आता पडदे केवळ जागा दाखवणाऱ्या खुणा उरले.

यानंतरची पायरी ताणाच्या गणिताशिवाय समजत नाही. तारेची लांबी कायम असेल तर स्वराची उंची दोन गोष्टींवर ठरते, तारेचे वजन आणि तिच्यावरचा ताण. स्वर एका पूर्ण टप्प्याने उतरवला की ताण सुमारे 21 टक्क्यांनी घटतो. तेवढाच चढवला की सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून एक पूर्ण स्वर उतरवूनही मूळचा ताण टिकवायचा असेल तर तार सुमारे 12 टक्के जाड घ्यावी लागते. ईला लावलेल्या 0.012 इंचाच्या तारेचा कसदारपणा डीला हवा असेल तर 0.0135 इंचाची तार लागेल. हे फरक कागदावर केसाएवढे दिसतात, पण कांडीखाली ते लगेच कळतात.

हवाईच्या वादकांनी टारो पॅचचा अख्खा क्रम एक स्वर वर नेला आणि ई, ए, ई, ए, सी शार्प, ई असा लावला. स्वरांचे आपसातले नाते तेच राहिले. आता दोन जाड तारा आणि सर्वांत बारीक तार नेहमीच्या जागी आल्या, मधल्या तीन मात्र एकेक स्वर चढल्या. कांडीखाली तारा ताठ झाल्या, आवाज चमकदार आणि मोठा झाला. मोठ्या सभागृहात, मायक्रोफोनच्या आधीच्या काळात, ही गरजच होती. किंमत गिटारने मोजली. तातेसाठी घडवलेल्या हलक्या गिटारींची तबली या ताणाखाली फुगू लागली, घोड्या उखडू लागल्या.

1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरले आणि तेथील हवाई मंडपातील वाद्यवृंदांनी अमेरिकेला वेड लावले. पुढच्या काही वर्षांत हवाई संगीताच्या ध्वनिमुद्रिका देशभर खपल्या, घरोघर मांडीवरची गिटार आली आणि कारागिरांना पोलादी तारांचा विचार करणे भाग पडले. मार्टिन कंपनीने या लाटेत कोआ लाकडाच्या, उंच मेरूच्या गिटारी काढल्या. 1922 पासून तिच्या नेहमीच्या गिटारींतही पोलादी तारांसाठी मजबूत आतील पट्ट्या येऊ लागल्या. आज जगभर वाजणाऱ्या पोलादी तारांच्या गिटारमागे हवाईच्या वादकांचा हा दबाव आहे, आणि त्याची नोंद व्हावी तितकी होत नाही. लॉस एंजेलिसच्या हर्मन वायसेनबॉर्न याने 1920च्या दशकात चौकोनी मानेची गिटार केली. मान आतून पोकळ ठेवल्यामुळे ती आवाजाच्या पेटीचाच भाग झाली. मान चौकोनी असण्याचे कारण ताणच: बोटे फिरवायची नाहीत, तर ती जाड ठेवायला हरकत नाही, आणि जाड मान वाकत नाही. जॉन डोपिएरा आणि जॉर्ज बोशाँ यांनी 1927 मध्ये आणलेल्या नॅशनलच्या धातूच्या गिटारीत तारांची थरथर ॲल्युमिनियमच्या तीन पातळ शंकूंमधून बाहेर येई. हे शंकू हलवायला जोर लागे, म्हणून जाड तार या वाद्याला मानवली.

अमेरिकेच्या दक्षिणेत या जुळण्या दुसऱ्या वाटेनेही पोहोचल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दिवाणखान्यात वाजवण्याच्या गिटारसाठी सोप्या रचना छापल्या जात. हेन्री वॉरल या वादकाच्या दोन रचना फार लोकप्रिय झाल्या: ‘स्पॅनिश फँडँगो’ ओपन जीमध्ये आणि क्रिमियन युद्धातील वेढ्यावर बेतलेली ‘सेबास्टोपोल’ ओपन डीमध्ये. गिटार शिकवणाऱ्या पुस्तिकांतून त्या खेडोपाडी गेल्या. पुढे रचना विसरल्या गेल्या, पण जुळण्यांना नावे त्यांचीच चिकटली. मिसिसिपीचे कृष्णवर्णीय वादक ओपन जीला ‘स्पॅनिश’ आणि ओपन डीला ‘व्हेस्टापोल’ म्हणत. या भागातील मुले झाडूला गुंडाळलेली तार सोडवून भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणत, खाली बाटली घोडीसारखी अडकवत आणि दुसऱ्या बाटलीने तारेवर सरकत वाजवत. ‘डिडली बो’ नावाच्या या एकतारीची मुळे आफ्रिकेत सापडतात. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी 1903च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनवर तारांवर चाकू दाबून गिटार वाजवणारा एक माणूस ऐकला आणि आत्मचरित्रात त्याची तुलना हवाईच्या वादकांशी केली. स्लाइड ब्लूजचा उगम हवाईत की आफ्रिकेत, हा वाद त्यामुळे एका बाजूने मिटवता येत नाही. सरकवण्याची सवय भिंतीवरच्या तारेतून आली, जुळण्या दिवाणखान्यातून आल्या आणि हवाईच्या फिरत्या मंडळींनी दोन्हींना धार दिली, असे मानणे पुराव्याला धरून आहे.

या वादकांनी गिटार मांडीवर न घेता नेहमीसारखी धरली आणि बाटलीचा गळा किंवा नळी डाव्या हाताच्या बोटात अडकवली. उरलेल्या बोटांनी पडदे दाबता येत, म्हणून तारा मांडीवरच्या गिटारइतक्या उंच ठेवून चालत नसे. इथे जाडीचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. तारा पडद्यांच्या जवळ आहेत, ओपन जी किंवा डीसाठी उतरवून सैल केल्या आहेत आणि वरून काचेचे किंवा लोखंडाचे वजन येते आहे. बारीक तार त्या वजनाखाली खाली जाते, पडद्याला लागते आणि खडखडते. ओपन डीमध्ये सहांपैकी चार तारा उतरतात. सर्वांत बारीक दोन्ही तारा त्यांत असतात आणि चाल मुख्यतः त्यांच्यावरच वाजते. म्हणून सर्वांत बारीक तार 0.015 किंवा 0.016 इंचांपर्यंत जाड घेणे व्यवहारात सोयीचे ठरते. जाड तारेला अधिक वजनाची नळी पेलते आणि तिचा स्वर लांब टिकतो. नळीच्या मागच्या बोटांनी तारा हलकेच दाबून ठेवल्या नाहीत तर नळीच्या मागचा तुकडाही वाजू लागतो. हे दाबणे जाड तारांवर सोपे जाते. त्या काळी दुकानात व टपालाने मिळणाऱ्या पोलादी तारा आजच्या ‘लाइट’ संचांपेक्षा जाडच असत, त्यामुळे बऱ्याच वादकांना ही सोय वेगळी शोधावी लागली नाही.

नोव्हेंबर 1923 मध्ये केंटकीच्या सिल्व्हेस्टर वीव्हरने न्यूयॉर्कमध्ये ‘गिटार ब्लूज’ आणि ‘गिटार रॅग’ वाजवले. ब्लूज स्लाइडचे ते पहिले ध्वनिमुद्रण. डिसेंबर 1927 मध्ये डॅलसला ब्लाइंड विली जॉन्सनने ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ ध्वनिमुद्रित केले. ओपन डीमध्ये लावलेल्या गिटारवर तो वरच्या तारेतून चाल काढतो आणि तिच्याबरोबर शब्दांशिवाय गुणगुणतो. श्वास आणि तार कुठे वेगळे होतात हे सांगणे अवघड जाते. तारेला ताण आणि वजन नसते, तर तो स्वर इतका वेळ गळ्याची साथ करू शकला नसता. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या ध्वनिमुद्रिकेत या रचनेचा समावेश झाला. शिकागोचा टँपा रेड याने नॅशनलची धातूची गिटार घेऊन एकाच तारेवर स्वच्छ, गायकीसारखी चाल वाजवण्याची तऱ्हा रुजवली. मिसिसिपीत चार्ली पॅटन, सन हाउस आणि रॉबर्ट जॉन्सन यांचा ओढा ओपन जीकडे होता. रॉबर्ट जॉन्सनने 1936 व 1937 मधील ध्वनिमुद्रणांत तीच जुळणी कधी वरच्या पट्टीत, ओपन ए म्हणून, वापरली. तिथे जाण्याचे दोन मार्ग होते, तारा चढवणे किंवा मानेवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकाच पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, आवळणे. स्वस्त गिटारच्या तबलीला दुसरा मार्ग मानवत असे. ऑगस्ट 1941 मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी मिसिसिपीतच स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्सचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हाही ही साधी लाकडी गिटार आणि ओपन जीची परंपरा जिवंत होती. काही वर्षांतच तो शिकागोला गेला आणि विजेची गिटार हाती आली.

मांडीवरच्या गिटारची शाखा दरम्यान वेगळ्या टोकाला गेली. डोब्रो या शंकूच्या गिटारवर अमेरिकेच्या कंट्री संगीतात जी, बी, डी, जी, बी, डी ही जुळणी स्थिरावली. दोन सप्तकांत तीच तीन स्वरांची रांग येत असल्याने कांडीचे गणित सोपे होते. पण नेहमीच्या जुळणीच्या तुलनेत सर्वांत जाड तार इथे तीन अर्धस्वर आणि तिच्या शेजारची दोन अर्धस्वर चढते. गोल मानेच्या साध्या गिटारला ही जुळणी लावली तर मान वाकण्याची भीती असते, म्हणून ती चौकोनी मानेच्या वाद्यावरच शोभते. 1955 मध्ये जॉश ग्रेव्हज यांनी फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या वाद्यवृंदात डोब्रो नेली आणि ब्लूग्रासमध्ये तिचे स्थान पक्के झाले. आज या वाद्यासाठी 0.016 ते 0.056 इंचांचे तारसंच वेगळे विकले जातात. नेहमीच्या गिटारच्या ‘लाइट’ संचात हेच आकडे 0.012 ते 0.053 असतात आणि पूर्ण संचाचा ताण सुमारे 75 किलो भरतो, 0.013 ते 0.056च्या ‘मीडियम’ संचाचा सुमारे 84 किलो. 1960च्या दशकापासून विजेच्या गिटारवर तारा ओढून वाजवण्याची पद्धत फोफावली, बारीक तारांचे संच सर्वत्र झाले आणि त्याच वेळी जुन्या ब्लूजकडे नव्याने वळलेल्या तरुण वादकांना जाड तारा मुद्दाम मागवाव्या लागल्या.

भारतात ही गिटार हवाईच्या फिरत्या कलावंतांबरोबर आली. टाऊ मोए आणि त्यांचे कुटुंब 1940च्या दशकात कोलकात्याला राहिले, त्यांनी शिकवले, आणि तिथून हवाईयन गिटार बंगालच्या घराघरांत व मुंबईच्या चित्रपटसंगीतात पोहोचली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली तिच्यावर वाजवून तिचा आवाज रेडिओच्या श्रोत्यांच्या ओळखीचा केला. रागसंगीतात तिला नेण्याचे काम जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी केले. अली अकबर खाँ यांचे हे शिष्य. 1967 मध्ये एचएमव्हीने काढलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि काब्रा यांची गिटार एकत्र आली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. ही कल्पना जी. एन. जोशी यांची. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतील हा गायक तेव्हा एचएमव्हीचे मुंबईतील ध्वनिमुद्रण सांभाळत होता.

रागदारीत कॉर्डची गरज संपली आणि जुळणीचे प्रयोजनच बदलले. षड्ज आणि पंचमाच्या तारा आधार म्हणून राहिल्या. कोमल गंधाराचा राग असेल तर शुद्ध गंधाराच्या तारेला हात लागणार नाही अशी काळजी घ्यावी लागते. चाल मोजक्या मुख्य तारांवर आली आणि चिकारीच्या तारा जोडल्या गेल्या. सितारवर तार ओढून मींड घेतात, गिटारवर ती तारेच्या लांबीवर सरकत घ्यावी लागते. म्हणून लांब मींड संपेपर्यंत स्वर टिकवणारी, भरीव ताणाची तार इथे अनिवार्य झाली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणेत तरफेच्या बारा तारा बसवल्या. एवढ्या तारांचा एकत्रित ताण साध्या सपाट तबलीला सोसत नाही. त्यासाठी त्यांनी कमानदार पोटाची गिटार आधाराला घेतली. अशा गिटारमध्ये तारांची टोके घोडीत न अडकता वाद्याच्या बुडाशी जाऊन थांबतात आणि ओढ तबलीऐवजी चौकटीवर पडते. 1993 मध्ये भट्ट आणि कॅलिफोर्नियाचे राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा संग्रह आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले. कूडर हे बाटलीचा गळा बोटात घालून वाजवणाऱ्या परंपरेचे वादक. ‘पॅरिस, टेक्सास’ या 1984 च्या चित्रपटासाठी त्यांनी ब्लाइंड विली जॉन्सनच्या त्याच रचनेचा आधार घेतला होता. मांडीवरची कांडी आणि बोटातली नळी या दोन शाखा त्या संग्रहात समोरासमोर बसून वाजल्या.